दादाचा पाय आणि मोटारीचा ब्रेक

माझा थोरला भाऊ सातारा-सांगली सर्व्हिस मोटार हाकायचा आणि त्याच मोटारीची दुरुस्ती मी करायचो. साताऱ्याच्या मोटार-अड्ड्यावर एक कडुलिंब होता. सकाळी मोटार सुटायच्या आधी दादा त्या लिंबाखाली चपला काढायचा, जोडीनं नीट लावून ठेवायचा, मोटारीच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि अनवाणी पायानं चढून स्टेरिंगवर बसायचा. सांगलीला जाऊन संध्याकाळी परत येईपर्यंत दिवसभर तसाच. चपला तिथंच लिंबाखाली. कधी कुणी उचलल्या नाहीत. अड्ड्यावर नवखा माणूस आला आणि त्यानं विचारलं, की कुणीतरी सांगायचंच, "डायवरच्या हायती, हात लावू नगा."

मला राग यायचा. मी स्वभावानं तिरसट, हे माझी बायको सांगेल आणि ज्यांच्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्या तेही सांगतील. "अरं, इंजिनाजवळचा पत्रा तापतो, तळवं भाजतील, चपला घालून बस की," असं मी त्याला बजावून बजावून थकलो. तो हसायचा. "देवळात चपला घालून जातोस व्हय रं?" म्हणायचा. आधी बैलगाडी हाकलेला माणूस. मोटारीला पहिला हात लावला तो खंडेनवमीला, हळदकुंकू वाहून, नारळ फोडून. पूजेला बसलेल्या माणसाच्या पायात चपला कुठून असणार? तो तसाच उठून स्टेरिंगवर बसला आणि पुढं तीच रीत पडली.

पण खरं कारण दुसरं होतं, आणि ते मलाही ठाऊक होतं. दादाला ब्रेक तळपायानं कळायचा.

हे जरा नीट सांगतो. मोटारीचा ब्रेक बिघडायला लागला की तो एकदम दगा देत नाही. आधी सांगतो, आणि सांगतो तो पायाला. पायडल दाबल्यावर पाय घट्ट न बसता दम खाऊन खाली गेला तर तेलाच्या नळीत हवा शिरली असं समजायचं. एकदा दाबून लागत नाही, दोन-तीनदा भराभर दाबल्यावर लागतो, तर आतल्या पट्ट्या झिजल्या. दाबून धरलेलं पायडल हळूहळू खाली सरकायला लागलं तर कुठंतरी तेल गळतंय. आणि ब्रेक लावला की गाडी एका अंगाला ओढली गेली, तर एका चाकाच्या पट्टीवर वंगण उतरलंय. माझ्यासारखा मिस्त्री चाकं खोलून हे बघणार. दादाला चाक खोलावं लागायचं नाही. संध्याकाळी मोटार लावून उतरला, की लिंबाखाली चपला घालता घालता सांगायचा, "डाव्या अंगाचं पुढचं चाक फितूर झालंय बघ."

आमची नावं आमचीच होती. ओढणारं चाक म्हणजे फितूर. हवा शिरलेलं पायडल म्हणजे मऊ. पाण्यातून गाडी गेल्यावर ब्रेक किंचाळायला लागला तर तो 'रडतोय', त्याची फिकीर करायची नाही, पट्ट्या वाळल्या की आपोआप गप बसतो. हलकं दाबलं तरी हिसका देऊन थांबणारा ब्रेक म्हणजे उतावळा. मी मुद्दाम वाद घालायचो, "उजव्या अंगाचं असंल," म्हणायचो, आणि दोन्ही चाकं खोलायचो. दादा बिडी ओढत बसून राहायचा. डाव्याच चाकात वंगण निघायचं. मग तो नुसता माझ्याकडं बघायचा, आणि मी पाना आपटायचो. किती बरे दिवस होते ते, तेव्हा कळलं नाही.

लढाईचे दिवस. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारीच्या पाठीवर कोळशाची भट्टी बसवलेली, तिच्या गॅसवर गाडी चालायची. चढाला लागली की दमेकऱ्यासारखी खोकायची आणि उतारू खाली उतरून चालायचे. सुटं सामान मिळत नव्हतं, ब्रेकचं तेल तर औषधालाही नव्हतं. आम्ही एरंडेलात स्पिरिट मिसळून भागवायचो. कवठे महांकाळच्या बाजूचा एक धनगर उतारू घाण्याचं एरंडेल आणून द्यायचा, ते फडक्यातून गाळून घ्यायचं. कुणी घाईत इंजिनाचं तेल ओतलं की आतलं रबर फुगायचं, ब्रेक सुटायचे नाहीत, चाकं तापून लाल व्हायची. असली घाई आमच्या मोटारीत कधी झाली नाही. तिचे ब्रेक म्हणजे माझा अभिमान होता, आणि दादाचाही.

म्हणून दिवाळीनंतर एका संध्याकाळी दादा उतरून म्हणाला, "पायडल मऊ लागतंय रं," तेव्हा मी लगेच कामाला लागलो. हवा काढली. हवा काढणं हे दोघांचं काम. एकानं वर बसून पायडल दाबायचं, दुसऱ्यानं गाडीखाली पडून चाकामागचा बारका स्क्रू ढिला करायचा. तेलाबरोबर बुडबुडे येतात, ते येऊ द्यायचे, स्क्रू आवळायचा, मगच वरच्यानं पाय सोडायचा. दिसत एकमेकाला कुणीच नाही, म्हणून ओरडून सांगायचं. मी खालून म्हणायचो, "दाब." दादा वरून म्हणायचा, "दाबलं." मी, "सोड." तो, "सोडलं." शेतावर मोट चालवताना बोलतात तसं आमचं ते चालायचं. त्या दिवशी एकही बुडबुडा आला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "मऊ लागतंय." मी चारी चाकं खोलली. पट्ट्या चांगल्या, ड्रम गुळगुळीत, नळ्या कोरड्या ठणठणीत. मी स्वतः मोटार घेऊन अदालत वाड्याच्या उतारावर गेलो आणि ब्रेक दाबून बघितला. जागच्या जागी थांबली. परत येऊन सांगितलं, "काय बी झालेलं न्हाई." दादा म्हणाला, "हाय. पायाला काय सांगतच न्हाई त्ये आता."

मला ते झोंबलं. इतकी वर्षं त्याच्या पायावर विश्वास ठेवला आणि आता तो माझ्या कामावर ठेवीना. पुढं तर त्याचं काही एक ठरेना. एक दिवस मऊ म्हणायचा, एक दिवस जड. उतारू म्हणायला लागले की डायवर हल्ली थांब्याच्या पुढं नेऊन गाडी उभी करतो. चिडून मी एकदा म्हणालो, "म्हातारा झालास तू." चाळिशीही गाठली नव्हती त्यानं. तो चपला घालून चालायला लागला. पूर्वी असता तर मला चार ठेवणीतल्या हासडल्या असत्या.

मग उंब्रजला ते झालं. बाजाराचा दिवस होता. गुळाच्या ढेपा भरलेली एक बैलगाडी रस्ता ओलांडत होती. दादानं ती लांबून पाहिली होती, भोंगाही वाजवला होता. पण मोटार थांबायला पाहिजे तिथं थांबली नाही. बैलगाडीचं जू मोडलं, एका बैलाचा गुडघा फुटला, ढेपा रस्त्यावर लोळल्या. माणसं वाचली हे नशीब. लोकांनी दादाला खाली ओढलं. तो एकच सांगत राहिला, "पाय दाबला हुता. लागला न्हाई. ब्रेक लागला न्हाई."

मोटारीचे मालक सांगलीचे हळदीचे व्यापारी होते. माणूस वाईट नव्हता. ते स्वतः साताऱ्याला आले, आम्हा दोघांना लिंबाखाली बसवलं आणि म्हणाले, "मला दोनपैकी एक सांगा. ब्रेकात खोट आहे की डायव्हरात? ब्रेकात असली तर मोटार बंद ठेवून दुरुस्त करू. डायव्हरात असली तर स्टेरिंगवर दुसरा माणूस येईल. उतारूंचा जीव माझ्या गळ्यात आहे."

दादानं माझ्याकडं पाहिलं. त्या मोटारीशिवाय त्याचं काही नव्हतं. शेत नव्हतं, दुसरं काम येत नव्हतं. गावात त्याला लोक नावानं हाक मारत नव्हते, डायवर म्हणत होते. वहिनी बाजारात गेली की 'डायवरीण आली' म्हणायचे आणि ती पदर सारखा करून ताठ चालायची. हे सगळं त्या एका उत्तरावर होतं. मी मालकांना म्हणालो, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी, भर उन्हात, मी मोटार अड्ड्याच्या कडेला घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दादा वर बसला. मी खाली सरकलो, मागच्या चाकाजवळ गेलो, स्क्रूला पाना लावला.

"दाब."

"दाबलं."

स्क्रू ढिला केला. तेल आलं नाही. एक थेंब नाही. माझ्या मनात आलं, सापडलं. नळी तुंबली आहे. इतके दिवस छळलं ते हिनंच. आणि काय सांगू, मला आनंद झाला. खोट ब्रेकात होती, दादा खरा ठरला होता. मी स्क्रू आवळला.

"सोड."

"सोडलं."

"दाब. जोरात दाब."

"दाबलं की."

पुन्हा काही नाही. म्हणून मी पाठीवर सरकत सरकत पुढं आलो, पायडलाखाली, कुठं काय अडकलंय ते बघायला. तिथून पायडलाचा दांडा दिसतो. वर पाय दाबला की तो खाली हलतो. मी खालूनच ओरडलो, "दाब." वरून आवाज आला, "दाबलं."

दांडा हलला नाही.

मी बाहेर आलो. उभा राहिलो आणि दारातून आत बघितलं. दादा नेहमीसारखा ताठ बसला होता, दोन्ही हात स्टेरिंगवर, नजर समोर रस्त्यावर. मोटार जागची हलत नसली तरी तो रस्त्याकडंच बघायचा. उजवा पाय त्यानं जीव खाऊन दाबला होता, पोटरीची शीर वर आली होती. आणि पाय पायडलावर नव्हता. पायडलाच्या शेजारी, उघड्या पत्र्यावर होता.

"दाबलंय की रं," तो म्हणाला. "येतंय का तेल?"

 मी म्हणालो, "दादा, खाली बघ." त्यानं खाली बघितलं. पुष्कळ वेळ बघत राहिला. मग हातानं पाय उचलून पायडलावर ठेवला, एखादी वस्तू उचलून ठेवावी तसा, आणि म्हणाला, "आता दाबतो."

मी त्याला पायरीवर बसवलं आणि त्याचा पाय मांडीवर घेतला. तळव्याला, चवड्याखाली, मोठा फोड फुटून आत लाल झालं होतं. पत्र्यानं भाजलेलं. ते आजचं नव्हतं, कालचंही नव्हतं. कडा वाळल्या होत्या आणि मध्ये नवं भाजलं होतं. टाचेत बोराच्या काट्याचं टोक मोडून राहिलं होतं. "दुखत न्हाई व्हय हे?" मी विचारलं. तो म्हणाला, "काय?" वहिनीनं नंतर सांगितलं, की सकाळी सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे ठसे दिसायचे. तिला वाटायचं भेगा फुटल्यात, म्हणून ती रोज कोकमाचं तेल कोमट करून भरायची, आणि दादा गप बसून भरून घ्यायचा.

मी त्याला डोळे मिटायला सांगितलं. पान्याचं टोक तळव्याला टेकवलं. दाबलं. आणखी दाबलं. टोक रुतलं तरी त्याच्या तोंडावर काही उमटलं नाही. डोळे मिटलेले ठेवून तो विचारत होता, "कवा करणार हाईस, कर की."

मालकांना मी त्या संध्याकाळी काय सांगितलं ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्यांनी दुसरं काही न विचारता सांगलीच्या एका डॉक्टरांचा पत्ता दिला.

डॉक्टरांनी दादाला उघडा केला. पाठीवर एक फिकट चट्टा होता, आम्हाला वाटायचं घामाचा असेल. त्यांनी एका नळीत गरम पाणी घेतलं, एका नळीत थंड, आणि आळीपाळीनं पायाला लावून विचारत गेले. दादा अंदाजानं सांगायचा. गरम, म्हणायचा. थंड, म्हणायचा. मध्येच बरोबर यायचं आणि माझ्या जिवात जीव यायचा, पुढच्याला चुकायचं. कानाच्या पाळ्या त्यांनी चिमटीत धरून बघितल्या. मग त्याला बाहेर बसवून मला आत बोलावलं आणि तो शब्द सांगितला. महारोग.

आता त्यावर गोळ्या निघाल्या आहेत म्हणे, माणूस घरी राहून बरा होतो. ऐकलं की मला आनंद व्हायला पाहिजे. होत नाही. डोक्यात तिडीक जाते. तेव्हा कडूकवठीच्या तेलाच्या सुया होत्या, त्या टोचायच्या आणि वाट बघायची. डॉक्टर भले होते. त्यांनी मला पुन्हा पुन्हा एकच बजावलं, "ह्या पायाला आता दुखणं कळत नाही, म्हणून त्याला जपायला चपला पाहिजेत. एक पाऊल अनवाणी टाकायचं नाही. रोगानं पाय जात नाहीत, जखमांनी जातात."

चपला मी बनवल्या. मोटारीचं एक जुनं टायर पडलं होतं, त्याचे जाड तळ कापले, वर आतल्या ट्यूबचे पट्टे लावले, खिळा एकही वापरला नाही, सगळं शिवून काढलं. मोटारीच्याच टायरच्या आहेत म्हटल्यावर दादानं त्या हातात घेऊन उलटसुलट केल्या. "म्हंजी मी बी आता चाकावर," म्हणाला. हसलो आम्ही. वहिनी आत चुलीपुढं बसून रडत होती.

गोष्ट लपली नाही. आधी मोटार गेली, मग आडावरचं पाणी गेलं. लोक वाईट बोलले नाहीत, नुसते लांब उभे राहायला लागले. वहिनी त्याच्या ताटात जेवायची, मुद्दाम, दार उघडं टाकून. दादाला ते बघवेना. एका सकाळी तो मला म्हणाला, "सांगलीच्या पल्याड वसाहत हाय आसल्या लोकांची. डाक्टर म्हणत हुतं, सुया बी तितंच देत्यात. मला तितं नेऊन सोड. पोरीचं लगीन व्हायचंय." मी भांडलो. मी काय काय बोललो त्याला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नवा डायवर काय म्हणतो? ब्रेक कसा हाय?"

मालकांनी मोटार एका दिवसापुरती दिली, उतारूंशिवाय. त्यांचे उपकार मी विसरलो नाही. सकाळी वहिनीनं घराच्या दारातच निरोप घेतला, अड्ड्यावर यायला तिचे पाय वळेनात. पोरीला तिनं आतच धरून ठेवलं होतं. दादा टायरच्या चपला घालून माझ्याबरोबर चालत अड्ड्यावर आला. मी कोळशाची भट्टी पेटवायला मागं गेलो. गॅस धरायला वेळ लागला. पुढं आलो तर तो पायरीला हात लावून नमस्कार करून बसलाही होता, माझ्या शेजारी, स्टेरिंगच्या दुसऱ्या अंगाला. आयुष्यात पहिल्यांदा तिथं बसला असेल. मी मोटार काढली.

 मला वाटलं होतं वाईट वाटून मान खाली घालून बसेल. पण नाही, तो रस्त्याकडं बघत होता. वळण आलं की त्याचा उजवा पाय पत्र्यावर दाबला जायचा. उंब्रजच्या अलीकडं उतार लागला, पुढं रस्त्यावर म्हसरं होती, आणि तो सवयीनं म्हणाला, "दाब."

मी म्हणालो, "दाबलं."

"सोड."

"सोडलं."

मग कऱ्हाडपर्यंत आम्ही तेच करत गेलो. प्रत्येक उताराला, प्रत्येक थांब्याला. इतकी वर्षं मी म्हणायचो आणि तो दाबायचा, आता उलटं. माझे डोळे भरून रस्ता दिसेनासा झाला, तर तो दरडावून म्हणाला, "म्होरं बघ. उतारू बसल्यात आसं समज."

सांगलीला कृष्णेच्या पुलावर त्यानं हात जोडले. वसाहत गावाच्या बाहेर होती, काळ्या रानात, सभोवार बाभळीच्या काट्यांचं कुंपण. मोटार आत जात नव्हती. त्यानं गाठोडं काखेत मारलं आणि उतरला. पायरीला पुन्हा हात लावला. मोटारीच्या नाकाडावरून एकदा हात फिरवला. मी गळ्यात पडायला गेलो तर मागं सरला. "लांब," म्हणाला. "घरी पोरं हायती तुझी." आणि कुंपणाच्या वाटेनं आत चालत गेला. बाभळीचे वाळके काटे पडलेल्या वाटेनं, एकदाही न अडखळता, ताठ. मला त्याची पाठच तेवढी दिसत होती. काही दिसत नव्हतं म्हटलं तरी चालेल.

संध्याकाळी साताऱ्याला परत आलो. अड्ड्यावर मोटार वळवली आणि लिंबाखाली वहिनी बसलेली दिसली. तिला राहवलं नसावं, उशिरानं का होईना अड्ड्यावर आली होती, आणि दिवसभर तिथंच बसून राहिली होती. तिच्यापुढं टायरच्या चपला होत्या. जोडीनं, नीट लावलेल्या.

"भावजी," ती म्हणाली, "ह्ये काढून गेलं वो."

अर्थात काढून गेला. मोटारीत चढायचं होतं. देवळात कुणी चपला घालून जातं का? तो चढताना मी शेजारी उभा असतो तरी मला दिसलं नसतं. त्याचे अनवाणी पाय मोटारीत बघायची माझ्या डोळ्यांना सवय. आणि त्याला तर कळणारच नव्हतं, पायात काही आहे की नाही. आम्ही दोघं त्या चपलांपुढं बसून राहिलो. मला आत भट्टी पेटल्यासारखं झालं होतं आणि ओरडायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निघालो असतो, पण मोटार माझी नव्हती आणि नव्या डायव्हरनं वाटेतच इंजिन जाम करून ठेवलं. सुटं सामान येईतो दिवस गेले. चपला घेऊन मी वसाहतीत पोचलो तेव्हा दादाचा पाय फडक्यात गुंडाळलेला होता, घोट्याच्या वरपर्यंत सुजलेला. पहिल्याच दिवशी काटे आत मोडले होते, आणि ते आतल्या आत पिकत गेले. तिथला कंपाउंडर मला बाजूला घेऊन म्हणाला, की विष वर चढतंय, पाय काढला तरी कितपत उपयोग होईल सांगता येत नाही. पुढं तो पाय काढायच्या आतच दादा गेला. ती आमची शेवटची भेट होती, आणि मला वाटतं, ते त्याला माझ्या आधी कळलं होतं.

त्या दिवशी आम्हाला कुंपणाबाहेर बाभळीखाली बसू दिलं. मी चपला पुढं ठेवल्या. त्यानं त्या बघितल्या, कपाळावर हात मारला आणि हसला. "तरीच," म्हणाला. मग मोटारीची चौकशी. पट्ट्या बदलल्यास का, एरंडेल मिळतंय का, नवा डायवर ब्रेक हळू लावतो का आदळतो. मी सगळं सांगितलं. म्हणालो, त्याला पायडलाचं काही कळत नाही, चपला घालून बसतो. त्यावर दादा बराच वेळ खूश होता.

निघायची वेळ झाली तरी मला उठवेना. दुसरा पाय बरा होता, त्यात तरी चप्पल घालावी म्हणून मी तो मांडीवर घेतला. ह्या खेपेला तो मागं सरला नाही. त्या तळव्यावरून मी अंगठा फिरवत बसलो. हाच तळवा, ह्यानं मला किती चाकं खोलायला लावली, किती वेळा खोटं पाडलं. मी रडायला लागलो. त्याला ते आवडलं नाही. त्यानं डोळे मिटले, मान बाभळीला टेकली आणि जुन्या आवाजात, वरून सांगावं तसं म्हणाला, "दाब."

मला हुंदका आवरेना. मी पदरासारखं धोतराचं टोक तोंडाशी धरलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"कळलं," दादा म्हणाला. "बरं का रं, कळलं मला. चांगलं कळतंय आता."

त्याचे डोळे मिटलेलेच होते. मी अजून दाबलंच नव्हतं.